पाणक्याची नेमणूक

परवा कॉलनीच्या वार्षिक सभेत मला आभार मानायला उभं केलं आणि साडेतीन मिनिटांत खाली बसवलं. तेवढ्या वेळात माझे माईकवाल्याचे आणि सतरंजीवाल्याचे आभार मानून झाले होते. मुख्य मंडळी राहिलीच. त्यांतला एक तर माणूसही नाही. म्हणून हे लिहून काढतो.

आमची केळकुंज कॉलनी जळगावला, असोद्याच्या रस्त्यावर. छत्तीस घरं, चार गल्ल्या, एक सामाईक बोअर, एक उंच टाकी. टाकीतलं पाणी एकेका गल्लीला पाळीने सुटतं. आमची तिसरी गल्ली, नऊ घरं. पाळी दर तिसऱ्या दिवशी. दिवस ठरलेला, वेळ मात्र विचारायची नाही. विचारली तर पितांबर, म्हणजे कॉलनीचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस, शांतपणे सांगतो, "भाऊ, लाइन कव्हय यी ते माले काय माहीत? लाइन यी तव्हय टाकी भरी. टाकी भरी तव्हय मी व्हॉल्व्ह उघाडसु." लाइन म्हणजे वीज. या उत्तरात कुठेही बोट ठेवायला जागा नाही. मी सव्वीस वर्षं शोधतो आहे.

पाणी येतं ते दाराजवळच्या बुटक्या हौदात. तिथून मोटारीने गच्चीवर चढवायचं. हौद भरला की पाणी पुढच्या घराकडे जातं, म्हणून मोटार लगेच लावावी लागते आणि हौद रिकामा व्हायच्या आत बंद करावी लागते. मोटार चालू ठेवून बाहेर जायला कॉलनीत बंदी आहे. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ मोटार चालू ठेवून पारोळ्याला साखरपुड्याला गेले, मोटार जळाली आणि धूर पाहून लोक बादल्या घेऊन धावले, त्यानंतर हा ठराव झाला. त्या गृहस्थांचं नाव मी घेत नाही. मी त्यांच्याच घरात राहतो.

तर पाळीच्या दिवशी घरात कुणीतरी हवं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे नूतन, माझी बायको. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, मला दहा ते पाच हजर राहावं लागतं. माझी माय, बेबाबाई, ऐंशी वर्षांची. तिचे गुडघे हौदापर्यंत जातात पण परत येत नाहीत. म्हणजे नूतनच. तिने पाण्यासाठी चुकवलेल्या गोष्टींची यादी मी इथे लिहिली होती. सव्वा पान झाली. तिने ती वाचली आणि म्हणाली, "भाचीच्या बारशाचं राहिलं." मग मी यादीच काढून टाकली. एवढी मोठी यादी छापून यावी इतका काही मी वाईट माणूस नाही.

यादीतली एकच गोष्ट ठेवतो. नूतन बाहेरून एम.ए. करते आहे, समाजशास्त्रात. तिच्या प्रकल्पाचा विषय 'पाण्याची पाळी आणि गृहिणीचा दिवस'. छत्तीस घरांत फिरून तिने माहिती गोळा केली. गेल्या वर्षी या प्रकल्पाची तोंडी परीक्षा धुळ्याला होती. ती पाण्याच्या पाळीमुळे हुकली. परीक्षकांना हे कारण कळवावं की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी "घरगुती अडचण" असं कळवलं.

या वर्षी पत्र आलं: अकरा फेब्रुवारी, धुळे, सकाळी दहा. हीसुद्धा हुकली तर नोंदणीची मुदत संपणार, चार सत्रं वाया. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन-तीन दिवस मोजत गेलो. अकरा तारखेवर बोट आलं. पाळी. पुन्हा मोजलं. पुन्हा पाळी. आणि त्याच दिवशी माझ्याकडे बाहेरचे परीक्षक घेऊन प्रात्यक्षिक परीक्षा.

शेजारी कुणालाही "एवढी मोटार लावा हो" म्हणता आलं असतं. पण धुराच्या प्रसंगानंतर मोटार हा शब्द मी गल्लीत उच्चारत नव्हतो. शिवाय नूतन कॅलेंडरकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तू जा. मी यंत्र करतो."

"कसलं यंत्र?"

"पाणी आलं की स्वतः मोटार लावेल. स्वतः बंद करेल. वर अख्ख्या गल्लीला मोबाईलवर निरोप देईल."

"अहो, तुम्ही इस्त्री दुरुस्त केली होती."

"ते वेगळं."

मगन प्लंबर हौदात पाण्याची चाहूल घेणारा तरंगता गोळा बसवायला आला. काम झाल्यावर म्हणाला, "भाऊ, मोटार आपोआप चालू-बंद करायचं बाजारात तयार भेटतं. डबी एवढं असतं. कॉम्प्युटर काय करायचा?" मी त्याला सांगितलं की तयार डबी नऊ घरांना निरोप देत नाही. हे कारण मला त्याच क्षणी सुचलं होतं, पण पुढे तेच खरं ठरलं, म्हणून मगनचे मनापासून आभार.

कॉलेजने मोडीत काढलेला एक संगणक मी घरी आणला आणि दाराशी चपलांच्या कपाटावर ठेवला. तरंगत्या गोळ्यापासून तार, मोटारीच्या बटनाला तार. त्यात मी एक कार्यक्रम, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, लिहिला. रंगीत पडदे, चित्रं वगैरे काही नाही; तो पाठीमागे चोवीस तास गुपचूप चालतो, पाण्याची वाट बघतो आणि आलं की कामाला लागतो. एवढंच. पहिल्या पाळीला यंत्राने मोटार लावली, नऊ घरांना निरोप गेला, मी कपाटासमोर उभा राहून डोळे पुसले. नूतनने विचारलं, "पण तुम्ही इथे कशाला उभे?"

तिथेच मेख होती. लाइन गेली की यंत्र झोपायचं. लाइन आली की यंत्र उठायचं, पण कार्यक्रम उठायचा नाही. त्याला हाताने उठवावं लागे, त्यासाठी यंत्राचा पासवर्ड घालावा लागे आणि पासवर्ड फक्त मला माहीत. म्हणजे पूर्वी पाण्यासाठी एक माणूस घरी बसायचा; आता पाण्यासाठी एक आणि यंत्रासाठी एक.

त्यातच तिसऱ्या पाळीला यंत्र उठेचना. यंत्रातली नोंदवही भरली की जुने कागद, म्हणजे फाइली, टाकून दे, असा मी कार्यक्रमाला एक हुकूम दिला होता. कुठले जुने कागद ते सांगायचं राहिलं. त्याने यंत्राचे स्वतःचेच कागद टाकून दिले. सकाळी पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. तिच्याकडे मी चहा होईपर्यंत बघितलं, चहा झाल्यावरही बघितलं.

शेवटी पलककडे गेलो. पलक म्हणजे समोरच्या गौतमचंद शेठची सून. शेठचं दाणाबाजारात धान्याचं दुकान. सून घरात बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचे दोनशे सर्व्हर सांभाळते. शेठ हे अभिमानाने सांगतात आणि पुढे विचारतात, "पण ते ठेवलेत कुठे?"

पलक आली, माझ्या कपाटासमोर चपला सरकवून जमिनीवर बसली, पाच मिनिटं बघत राहिली.

"काका, हे तुम्ही रूटने चालवलंय?"

"रूट म्हणजे?"

"यंत्राचा मालक. ज्याला काहीही करायची मुभा असते. पुसायची, तोडायची, सगळीच. कुणालाही विचारावं लागत नाही."

"मग बरंच की. अडणार नाही कुठे."

"अडलं नाहीच ना! म्हणून सगळं पुसलं." तिने कपाळाला हात लावला. "काका, पाणी भरायला कुणी कलेक्टर ठेवतं का?"

मी प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. एका सुनेकडून, तेही चपलांच्या कपाटासमोर, असं ऐकून घेणं सोपं नव्हतं. पण मुलीने यंत्र पुन्हा पहिल्यापासून उभं केलं आणि मला समजेल असं समजावलं. यंत्रात एक वेगळा वापरकर्ता तयार करायचा. त्याला दोन-चार गोष्टींचीच परवानगी. त्याला आत येऊन बसायचा हक्क नाही, पासवर्डसुद्धा नाही. आणि यंत्र उठताच वाचेल अशी एक चिठ्ठी लिहायची. त्यात असं की, मालक आधी उठेल, दार उघडेल, या गरिबाला कामावर लावेल आणि स्वतः बाजूला होईल. कार्यक्रम पडला तर चिठ्ठीच त्याला परत उभा करेल. माणूस लागणार नाही.

"त्याचं नाव काय ठेवायचं?" पलकने विचारलं.

मायने आतून आवाज दिला, "पानी भरतो ना? मंग पानक्या."

अशा रीतीने पाणक्या जन्माला आला. आता खरं तर काम संपायला हवं होतं. पण गल्लीला कळलं, आणि गल्लीकडून अण्णांना.

जीवराम अण्णा आमच्या संस्थेचे सचिव. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, पण वीजकेंद्र त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. तिथली पद्धत अशी की परमिट हातात आल्याशिवाय कुणी तारेला हात लावत नाही, आणि पाना ज्याच्या हातात त्याच्याकडे किल्ली ठेवत नाहीत. अण्णा याच पद्धतीने कॉलनी चालवतात. गणपतीच्या आरासलाही परमिट लागतं. त्यांनी मला नोटीस पाठवली, एकाच कॉलनीत राहतो तरी.

"विषय: संस्थेच्या जलवाहिनीवर स्वयंचलित इसम नेमल्याबाबत.
१. सदर पाणक्या यास जलवाहिनीपैकी कोणत्या भागास स्पर्श करण्याची मुभा आहे, ते लेखी द्यावे.
२. ज्यास मुभा नाही असे सर्व भाग वेगळे लिहावेत.
३. तो आजारी पडल्यास जबाबदार कोण?
४. तो कामावर आहे हे बाहेरून दिसले पाहिजे. सबब दारावर हिरवा दिवा लावावा. पाळीच्या दिवशी दिवा दिसल्याशिवाय श्री. पितांबर यांनी तिसऱ्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडू नये. प्रथम घरी चौकशी करावी.
५. तोपर्यंत प्रयोग स्थगित."

मी संतापलो. तीन आठवडे उरले होते आणि स्थगिती! नोटीस घेऊन मी पलककडे गेलो. म्हटलं, बघ, ही असली माणसं. तिने नोटीस दोनदा वाचली.

"काका, हे कुणी लिहिलं?"

"अण्णांनी. आणखी कोण?"

"आम्ही कंपनीत हेच करतो. कशाला हात लावायचा, कशाला नाही. पडला तर काय. चालू आहे हे बाहेरून कसं कळणार." ती उठली. "अण्णांना चहाला बोलवा."

दुसऱ्या दिवशी माझ्या घरात एका बाजूला अण्णा, एका बाजूला पलक, मधे मी ताट घेऊन. दोघं असं काही बोलत होते की जन्माची ओळख. अण्णा विचारायचे, "नोंदवही कुणाच्या ताब्यात?" पलक सांगायची, "मालकाच्या. पाणक्याला फक्त लिहायला." अण्णा म्हणायचे, "फाडता येणार नाही ना?" "नाही." "मग ठीक." मध्येच मी म्हणालो की हिरवा दिवा जरा जास्तच होतोय. दोघांनी माझ्याकडे एकाच नजरेने बघितलं. मी चिवडा पुढे केला.

ठराव झाला, सूचक-अनुमोदक झाले, पाणक्याची रीतसर नेमणूक झाली. मी दारावर प्रयोगशाळेतला छोटा हिरवा दिवा लावला. येणारे-जाणारे विचारू लागले, दवाखाना उघडला का.

मग पहिली चाचणी. यंत्र बंद करून चालू केलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पाणक्याच्या नोंदी मी मराठीत ठेवल्या आहेत. त्या दिवशीच्या यंत्राच्या वहीत हे आहे:

मालक उठला. चिठ्ठी वाचली. पाणक्याला कामावर लावलं.
पाणक्या: हजर.
पाणक्या: नोंदवही उघडतो. परवानगी नाही. पडलो.
चिठ्ठीप्रमाणे पाणक्याला उभं केलं.
पाणक्या: हजर.
पाणक्या: नोंदवही उघडतो. परवानगी नाही. पडलो.
चिठ्ठीप्रमाणे पाणक्याला उभं केलं.
पाणक्या: हजर.

असं दोनशे चौदा वेळा. वही मी मालक असताना तयार केली होती, तेव्हा ती मालकाच्याच नावावर. पाणक्याला तिच्यावर लिहायचा हक्क द्यायचा राहिला. आणि मी हौसेने अशी सोय केली होती की पाणक्या कामावर आला की "पाणक्या हजर" हा निरोप नऊही घरांना जावा. वीस मिनिटांत प्रत्येक घरी दोनशे चौदा निरोप. गौतमचंद शेठ दुकान सोडून घरी आले. रागावले नाहीत. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "भंगाळे साहेब, तुमचा माणूस फार नम्र आहे. माझ्या दुकानात असा एक नाही."

वहीचा हक्क दिला. मग तो तारेपाशी अडला: मोटारीच्या तारेला हात लावणाऱ्यांच्या गटात त्याचं नाव नव्हतं. गटात घातलं. मग कळलं की तो फार लवकर उठतो. घरातलं इंटरनेट सुरू व्हायच्या आत निरोप द्यायला जातो आणि तोंडावर पडतो. पलकने चिठ्ठीत लिहिलं, आधी इंटरनेट उठू दे, मग हा. दरवेळी मला मोह व्हायचा की जाऊ दे, मालकच करून टाकावं, सगळं एका दमात चालेल. एकदा तसं बोललोही. अण्णा म्हणाले, "भंगाळे, दीपनगरला असं म्हणणारा एक होता. त्याचा फोटो आमच्या प्रशिक्षणात दाखवायचे." मी पुन्हा तसं म्हणालो नाही.

सहा पाळ्या पाणक्याने बिनचूक केल्या. लाइन दोनदा गेली, दोनदा आली. तो उठला, हजर म्हणाला, कामाला लागला. मी एकदाही कपाटासमोर उभा नव्हतो. दाराच्या फटीतून बघत होतो, ते वेगळं.

अकरा फेब्रुवारी. नूतन सहाच्या बसने निघाली. जाताना तिने एकच अट घातली होती: त्या दिवशी पाणक्याने दर तासाला तिच्या एकटीच्या मोबाईलवर हजेरी लावायची. सातला एरंडोलच्या अलीकडे हजेरी पोचली. आठला पारोळा. नऊला धुळ्यात शिरताना.

मी साडेनऊला निघालो. पँटला इस्त्री, खिशात दोन पेन, बाहेरच्या परीक्षकांसाठी पेढे. मायला सांगितलं, "काही हात लावू नको, सगळं आपोआप आहे." आणि कॉलेजला गेलो.

आता मी काय केलं ते सांगतो. प्रयोगशाळा सहायकाचं शेवटचं काम म्हणजे दार लावण्याआधी टेबलाटेबलावरची सगळी बटनं बंद करणं. एकेका बटनावर बोट ठेवून, मोजून. अठ्ठावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. डोकं कुठेही असो, हात ते काम करतात. त्या सकाळी डोकं परीक्षकांच्या पेढ्यांत होतं. कपाटाशेजारच्या बोर्डावर तीन बटनं आहेत. एक, दोन, तीन.

हे मला कळलं सव्वाबाराला. परीक्षा चालू होती, मोबाईल नियमाप्रमाणे कपाटात कुलूपबंद. एका विद्यार्थिनीचा प्रयोग संपला, मी सवयीने तिच्या टेबलाचं बटन बंद केलं, आणि बोट त्या बटनावर तसंच राहिलं. सकाळचा बोर्ड डोळ्यांपुढे आला. मी परीक्षकांजवळ जाऊन कसाबसा म्हणालो, "सर, घरी... सर्व्हर बंद झालाय."

त्यांनी आधी माझ्या खाकी डगल्याकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. म्हणाले, "बसा. पाणी प्या." पाणी हा शब्द त्या क्षणी नको होता.

तिकडे दहाला हजेरी नाही. अकराला नाही. नूतन धुळ्याच्या केंद्रावर, परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर. तिने मला नऊ वेळा फोन केला. पलकला केला, ती कंपनीच्या मीटिंगमध्ये. मायला केला, मायला फोनवर बोलता येतं, तो उचलता येत नाही. साडेअकराला तिने पिशवी खांद्याला लावली. तिने मला नंतर सांगितलं, बाराची जळगाव बस मिळाली तर सव्वातीनपर्यंत घर, आणि तोवर कदाचित लाइनच आली नसेल, असा हिशेब ती करत होती. दारावरच्या शिपायाला तिने विचारलं, माझा नंबर दुसऱ्या दिवशी होईल का. तो म्हणाला, "ताई, नाव पुकारलं आणि माणूस नसला, की गेलं." तिच्या आधी एकच जण उरला होता. ती जिन्यापर्यंत गेली. एक पायरी उतरली.

आणि इकडे केळकुंजात, त्याच सुमाराला, टाकी भरली होती. पितांबर तिसऱ्या गल्लीच्या व्हॉल्व्हपाशी आला. पाना लावला. मान वर करून आमच्या दाराकडे बघितलं. दिवा नाही. व्हॉल्व्ह उघडला असता तर त्याला कुणी काही म्हणालं नसतं. त्या कलमाला हसण्यात तोही आमच्यात होता. पण त्याने पाना काढला आणि आमचं दार वाजवलं. पुढचं मी मायकडून आणि त्याच्याकडून, दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे. जुळतं तेवढं देतो.

"माय, तुमना पानक्या आज उठना नही का?"

"मले काय माहीत बापा. तो त्या डब्यात ऱ्हातो."

"दिवा नही शे. अण्णानी सांगेल शे, दिवा नही ते चौकशी करानी."

"मंग कर."

"करी राहिनू ना! भाऊ कथा गया?"

"कालेजात. हात लावू नको म्हने." मायने काठी उचलली, कपाटापर्यंत आली आणि डब्याकडे वाकून बघितलं. "हा त झोपेल दिसते. बटनं पाह्य, तिन्ही बंद. माह्या लीलाधरनंच करेल असतीन. लहानपनीही दिवा मालवूनच निजे."

"दाबू का?"

"थांब. माह्या घरातलं बटन मी दाबते." आणि काठीच्या टोकाने मायने तिन्ही बटनं दाबली. "आता? याले काही सांगा लागते का?"

"माले नही माहीत. हात जोडी घ्या."

दोघांनी हात जोडले. खरोखर जोडले, यावर दोघांचं एकमत आहे.

आता इथे मी जरा थांबतो. यंत्र पूर्वीसारखं असतं, मालकाच्या नावावर, तर पडद्यावर पासवर्ड विचारणारी ओळ आली असती, आणि पासवर्ड माझ्या डोक्यात, मी खाकी डगल्यात, डगला कॉलेजात. ऐंशी वर्षांची बाई आणि पाना घेतलेला माणूस हात जोडून उभे राहिले असते आणि काहीही झालं नसतं. पण पाणक्याला कुणाचीच गरज नव्हती. नोंदवहीत त्या दिवसाचं पान असं आहे:

मालक उठला. इंटरनेट उठलं. चिठ्ठी वाचली. पाणक्याला कामावर लावलं. मालक बाजूला झाला.
११.३८ पाणक्या: हजर. दिवा लावला.
११.४३ पाणक्या: तिसऱ्या गल्लीत पाणी आलं. नऊ घरांना निरोप दिला. मोटार सुरू.
१२.२९ पाणक्या: हौद तळाला. मोटार बंद.

एवढंच. मी आजवर वाचलेल्या गद्यात मला हे पान सर्वांत आवडतं.

नूतन पहिल्या पायरीवर होती तेव्हा मोबाईल थरथरला. "पाणक्या हजर." ती कठड्याला धरून उभी राहिली. पाच मिनिटांनी पुन्हा: "पाणी आलं. मोटार सुरू." खोलीतून तिचं नाव पुकारलं गेलं. शिपाई दारात येऊन बघतो तर ताई जिन्याकडून धावत येताहेत.

आतल्या बाईंनी प्रकल्प चाळला, चष्मा वर केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या तक्त्याप्रमाणे आज तुमच्या गल्लीची पाळी दिसते. मग तुम्ही इथे कशा? पाणी कोण भरतंय?"

नूतनने उत्तर द्यायला आठ मिनिटं घेतली. पाणक्या, त्याला काय करता येतं, काय येत नाही, आणि ते न येणंच कसं बरं. बाईंनी ते वेगळ्या कागदावर लिहून घेतलं. ती पास झाली, चांगल्या गुणांनी झाली, पण ते दोन महिन्यांनी कळलं.

माझा मोबाईल मला दोन वाजता मिळाला. नूतनचे नऊ फोन आलेले दिसले. लगेच तिला फोन लावला.

"नूतन, अगं मी... बटनं..."

"कळलं. पितांबरने पलकच्या फोनवरून सांगितलं. झालं पाणी. झाली तोंडी."

मी म्हणालो, "मग अडीचची बस मिळेल तुला. साडेपाचला ये, मी स्टँडवर येतो."

"नाही, सहाच्या बसने येते."

"का? काही राहिलं?"

"काही नाही राहिलं."

"मग कुठे आहेस?"

"पांझरेच्या काठाला एक बाक आहे, झाडाखाली. तिथे."

"कुणी भेटलं का?"

"नाही हो."

"मग करतेस काय?"

मागे कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा विकत होतं, तो आवाज येत होता.

"बसले आहे," ती म्हणाली.

मी आणखी काहीतरी विचारणार होतो. जेवलीस का, ऊन आहे का, पैसे आहेत ना. एवढ्या वर्षांत मी तिला फोन केला की ती कशाच्या तरी मधे असायची आणि मी तरीही विचारत राहायचो. त्या दिवशी तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. "बस," एवढंच म्हणालो, आणि फोन ठेवला.